एकशे सातची दहा मिनिटं

मुलं बाईंना टिकटिक म्हणायची आणि ते बाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या मनगटावर एक घड्याळ असे, टेबलावर दुसरं, आणि ही दोन्ही एकदम बंद पडली तर पंचाईत नको म्हणून पर्समध्ये तिसरं. आजवर तशी वेळ कधी आली नव्हती. पण येणारच नाही याची हमी कोण देणार, असं त्यांचं म्हणणं. घरी त्या आणि त्यांची विधवा वहिनी अशा दोघीच. वहिनी म्हणायची, "हिनं लग्न केलं नाही ते बरंच झालं. नवरा पाच मिनिटं उशिरा आला असता तर हिनं दार उघडलं नसतं."

बाई भाषा आणि साहित्य शिकवत. शाळा संपल्यावर आणि विद्यापीठात जाण्याआधी दोन वर्षांची जी पदविका असते, तिच्यातला हा विषय. मुलांनी नेमलेली पुस्तकं वाचायची, जाहिरातीपासून कवितेपर्यंत शब्द कुठे, कसा आणि कशासाठी ठेवलाय ते ओळखायचं आणि त्यावर लिहायचं. लिहिण्याचं मुलांना काही वाटत नसे. त्यांची गाळण उडायची ती तोंडी परीक्षेला.

तोंडीची रीत ठरलेली होती. तपकिरी पाकिटांचा पंखा करून बाई मुलासमोर धरत. मुलानं स्वतःच्या हातानं एक उचलायचं. आत एक पान. त्यावर ना पुस्तकाचं नाव, ना लेखकाचं, समासात फक्त ओळींचे आकडे. वीस मिनिटं विचार करायचा आणि मग टेपसमोर बसून त्या पानावर दहा मिनिटं बोलायचं. समोर बाई असत, पण त्यांनी मधे बोलायचं नाही. मूल थांबलं तर त्याच्याच बोलण्यातला धागा धरून एखादा प्रश्न विचारायचा, तेवढंच. टेप मग दूरच्या कुठल्यातरी परीक्षकाकडे जाई. तिच्यावर मुलाचं नाव नसे, नंबर असे.

हे झाले परीक्षा मंडळाचे नियम. बाईंनी त्यांत स्वतःच्या दोन-तीन नियमांची भर घातली होती. पहिला असा, की मुलाच्या हातातल्या पानाकडे आपण बघायचंच नाही. पान बघितलं की चेहरा बोलतो, असं त्या सहकाऱ्यांना सांगत, आणि परीक्षाभर नजर घड्याळावर ठेवत. दुसरा नियम त्या वर्गात पहिल्याच दिवशी ऐकवत. "एकदा पाकीट उचललं की तक्रार नाही. टेपवर इकडचं तिकडचं बोललात तर बाद. आणि पान ओळखीचं वाटलं नाही, तर दोष पानाचा नाही, तुमच्या वाचनाचा."

त्यानंतर त्या एकशे सातची टेप लावत.

ही टेप म्हणजे बाईंचं हुकमी हत्यार होतं. अकरा वर्षं ती दर नव्या तुकडीला ऐकायला मिळाली. सुरुवातीला एका मुलाचा आवाज यायचा, "उमेदवार क्रमांक एकशे सात." मग तो घसा खाकरायचा, दोनदा, आणि जरा थांबून एकदा. मग काहीच नाही. दोन मिनिटं शांतता ऐकवली की मुलं चुळबुळायला लागत, मग खुदखुदत. बाई टेप पुढे पळवत आणि शेवटचं अर्धं मिनिट लावत. तिथेही शांतता असे, आणि अगदी शेवटी तो मुलगा घाईघाईनं म्हणे, "बाई, हे—" त्यावर बाईंचा आवाज येई, "वेळ संपली." आणि खट.

"हे म्हणजे नेमकं काय," बाई म्हणत, "ते परीक्षकांना अजून कळलेलं नाही."

वर्ग हसायचा. बाईही जराशा हसायच्या, आणि मग सांगायच्या, "बोलणाऱ्याची मातीसुद्धा विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही. आता वह्या उघडा." त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. भीती घालून मूल बोलतं करता येतं, असा त्यांचा प्रामाणिक समज होता, आणि निकाल चांगले लागत, त्यामुळे तो बदलायचं कारण कधी पडलं नाही.

बाराव्या वर्षी सगळा वर्ग हसला आणि खिडकीजवळची एक मुलगी हसली नाही.

तास संपल्यावर ती मागे राहिली. दप्तर पोटाशी धरून टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "बाई, तो माझा दादा आहे."

"कोण?"

"टेपमधला."

"त्यावर नाव नाहीये," बाई म्हणाल्या. "नुसता नंबर आहे. असे शेकड्यांनी नंबर असतात."

"घसा खाकरला ना त्यानं. दोनदा, मग एकदा. घरात शिरताना जिन्यात तो असाच खाकरायचा. आई म्हणायची, चहा ठेवा, साहेब आले." मुलगी बोलता बोलता थांबली. "सहा वर्षं झाली त्याला जाऊन. ताप आला होता. तेव्हा मी दहा वर्षांची होते. बाई, घरात त्याचा आवाज कुठेच नाहीये. फोटो आहेत दोन. ती टेप आईला ऐकवायला मिळेल का?"

बाईंच्या तोंडून जे आलं ते सवयीनं आलं. "परीक्षेचं साहित्य बाहेर देता येत नाही. नियम आहे."

मुलगी "बरं" म्हणाली. वाद घातला नाही, रडली नाही. दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "पुढच्या वर्षी पण लावणार ना बाई? मग आईला वर्गात बसू द्याल का?"

हे तिनं टोचून म्हटलं नव्हतं, खरोखरच विचारलं होतं. बाईंना त्याचा त्रास झाला तो त्यामुळेच.

दुपारी शिक्षकांची खोली रिकामी झाल्यावर त्यांनी कपाट उघडलं. टेपची मूळ प्रत मंडळाकडे जात असे, दुसरी प्रत आणि त्या मुलाचं पान, त्याच्या तपकिरी पाकिटासकट, एका मोठ्या पाकिटात घालून बाई ठेवून देत. टेप वर्षातून एकदा बाहेर निघे, पण पान कशाला कोण बघतंय? त्यांनी पाकीट उलटं केलं तेव्हा टेपच्या पाठोपाठ तपकिरी पाकीट आणि घडी घातलेलं ते पान बाहेर पडलं. परत आत सरकवता सरकवता त्यांनी पहिली ओळ वाचली.

मग त्या खुर्चीवर बसल्या आणि पूर्ण पान वाचलं. मग पुन्हा वाचलं.

एका खलाशाच्या बायकोची पत्रं. त्या वर्षी हे पुस्तक फक्त वरच्या तुकडीला, म्हणजे हाच विषय अधिक खोलात घेणाऱ्या मुलांना, होतं. वरची तुकडी चार पुस्तकं करायची, खालची तीन. एकशे सात खालच्या तुकडीतला होता. हे पुस्तक त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्याच्या यादीत नव्हतं, त्यानं ते हातातसुद्धा घेतलेलं नव्हतं.

पाकिटं बाईंनीच भरली होती. खालच्या तुकडीच्या पाकिटांवर मागच्या बाजूला पेन्सिलची एक खूण, वरच्या तुकडीच्या पाकिटांवर दोन. ही त्यांचीच पद्धत. त्यांनी टेबलावरचं तपकिरी पाकीट उचलून खिडकीशी नेलं. कोपऱ्यात पुसट झालेल्या दोन खुणा होत्या. एका गठ्ठ्यातलं पाकीट दुसऱ्या गठ्ठ्यात गेलं, पंख्यात बसलं, आणि त्या मुलानं स्वतःच्या हातानं नेमकं तेच उचललं.

आणि पान ओळखीचं वाटलं नाही तर दोष तुमच्या वाचनाचा, हे त्याला दोन वर्षं सांगून ठेवलेलं होतं. वीस मिनिटं तो कोणत्या पुस्तकातलं कोणतं प्रकरण आपण विसरलो ते आठवत बसला असणार. त्यानंतरची दहा मिनिटंही. समोर बाई होत्या. त्यांनी नुसती मान खाली करून पाहिलं असतं तरी पहिल्या ओळीला चूक कळली असती. पण त्या घड्याळ बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी तो शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आला होता. अकरा वर्षांत हे बाईंना एकदाही आठवलं नव्हतं, आणि आता त्याच्या बाहीची सुटलेली शिवणसुद्धा दिसायला लागली. "बाई, कालच्या पानाबद्दल—" असं काहीतरी तो म्हणाला होता. "निकाल लागेपर्यंत तोंडीबद्दल बोलायचं नाही," त्या म्हणाल्या होत्या, वह्यांवरून मान वर न करता. तो थोडा वेळ उभा राहिला होता. मग गेला.

त्या आठवड्यात बाईंचं बिनसलं. शिकवताना एखादं मूल उत्तरासाठी अडलं की त्या क्षणभराच्या शांततेत त्यांना खुर्चीची करकर ऐकू यायची, आणि वर्गात तर कुणी हललेलं नसायचं. घरी भांडी घासताना मागे कुणीतरी घसा खाकरलाय असं वाटून त्या दोनदा वळल्या. तिसऱ्यांदा वळल्या नाहीत, कारण दोनदा झालं होतं आणि आता जरा थांबून एकदा होईल याची त्या वाट बघत राहिल्या. नळ वाहतच होता. वहिनीनं येऊन तो बंद केला.

"काय झालंय ते सांगणारेस, की मी वैद्याला बोलावू?"

बाईंनी सगळं सांगितलं. वहिनी व्यवहारी बाई होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "टेप देऊन टाक त्या पोरीला. नियम गेला खड्ड्यात. पण ते पान फाडून टाक."

"फाडू?"

"मग काय फ्रेम करून लावणारेस? गेलेल्या मुलाला आता मार्क मिळणारेत? त्या माउलीच्या जखमेवर खपली धरली असेल, ती तू काढणार. आणि तुझी दोन वर्षं राहिलीयेत नोकरीची. तुझा नियमाचा एवढा दरारा, उद्या सगळे तोंडात बोटं घालतील. झाकली मूठ राहू दे."

वहिनीचं म्हणणं खोटं नव्हतं. बाईंनी ते दोन दिवस मनात घोळवलं. पान पर्समध्ये तिसऱ्या घड्याळाशेजारी होतं. फाडायचं म्हणून त्यांनी ते दोनदा बाहेर काढलं. पण एक गोष्ट काही केल्या पुसता येईना. बारा तुकड्या. दर तुकडीत तीसेक मुलं. एवढी माणसं त्या मुलाला हसली होती, आणि हसायचं कुठे ते त्यांना बाईंनीच दाखवलं होतं.

शनिवारी त्यांनी मंडळाला एक पत्र लिहिलं, आणि रविवारी दुपारी मुलीनं दिलेल्या पत्त्यावर गेल्या.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. जिना अरुंद होता आणि वर चढताना बाईंना उगीचच खाकरायची भीती वाटली. मुलाची आई इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या करायची. घरातही टॉवेलपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळं चौकोनी घडीत होतं. तिनं बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. मुलीनं शेजाऱ्यांकडून टेपरेकॉर्डर आणून स्टुलावर ठेवला होता.

"आधी मला थोडं बोलायचंय," बाई म्हणाल्या.

"नंतर बोलू ना," आई म्हणाली. "आधी ऐकू द्या. सकाळपासून वाट बघतेय."

बाईंनी टेप घातली. बटण दाबलं.

"उमेदवार क्रमांक एकशे सात."

आईनं पदर तोंडाशी नेला. मग खाकरणं आलं, दोनदा, आणि एकदा. आणि मग ती शांतता सुरू झाली, जी बाईंनी टेपवर दोन मिनिटांच्या पुढे कधी ऐकली नव्हती. त्यांचा हात सवयीनं टेप पुढे पळवायच्या बटणाकडे गेला.

"राहू द्या," आई म्हणाली.

"पुढे काही नाहीये हो. तो बोललाच नाही."

"असू दे."

तिघी ऐकत बसल्या. खालून सायकलच्या चाकात हवा भरल्याचा आवाज येत होता. बराच वेळ गेला आणि टेपमध्ये काहीतरी कडकड वाजलं.

"खुर्ची," बाई म्हणाल्या.

"खुर्ची नाही. बोटं मोडतोय." आईचं लक्ष टेपवरून हललं नाही. "आधी डाव्या हाताची मोडणार." थोड्या वेळानं पुन्हा वाजलं. "आता उजव्या."

कागद सळसळला. पेनाचं टोपण निघालं, लागलं, निघालं, लागलं. एकदा त्यानं बोलायला सुरुवात केल्यासारखा श्वास घेतला आणि तो तसाच सोडून दिला. आईनंही त्याच्याबरोबर श्वास घेतला होता. बाईंना वाटलं, रिकामी म्हणून जी टेप आपण वर्षानुवर्षं वाजवली, ती या मुलानं गच्च भरलेली आहे. त्यांना तिथून उठून जावंसं वाटलं. त्या बसून राहिल्या.

"बाई, हे—"

"वेळ संपली."

खट.

बाईंनी यंत्र बंद केलं आणि पर्समधून पान काढून आईच्या पुढ्यात धरलं. "हे पान त्याचं नव्हतं," त्या म्हणाल्या. सगळं सांगायला तयारी करून आल्या होत्या, पण शब्द सापडतील तसे आले. दोन खुणांचं पाकीट, दुसऱ्या तुकडीचं पुस्तक, आपली घड्याळावरची नजर. दुसऱ्या दिवशी तो दाराशी आला होता तेही सांगितलं. दरवर्षी वर्गात टेप लावून मुलांना हसवलं तेही सांगितलं. "तो नापास झाला नाही. मी त्याला नापास केलं. मंडळाला तसं लिहिलंय, उद्या देणार आहे. त्याचा काही उपयोग नाही, ते मला कळतंय."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. आईनं पान हातात घेतलं, पण वाचलं नाही. ती त्याच्या घडीवरून बोट फिरवत राहिली.

"निकाल लागला त्या दिवशी," ती म्हणाली, "मी त्याला म्हटलं, इथे मी चादरींच्या घड्या करून मरतेय आणि तू तिथे मूग गिळून बसलास? तर तो म्हणाला, आई, ते पान आमचं नव्हतं."

बाईंनी वर पाहिलं.

"तेवढंच म्हणाला. आई, ते पान आमचं नव्हतं. मी म्हटलं, हो, नाचता येईना अंगण वाकडं. जेवताना पुन्हा म्हणाला. तेव्हा मी त्याच्या थोबाडीत मारली. एवढा वाढलेला मुलगा." तिनं पान आहे त्या घडीवर दुमडलं आणि मांडीवर ठेवलं. "त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. कुठलाच काढला नाही म्हणा. काचवाल्याकडे कामाला लागला. काचवाला म्हणायचा, तुमचा पोरगा हिरा आहे, काच कापताना एक शब्द बोलत नाही. मला वाटायचं, बोलायला याच्याकडे काही नाहीच. शेवटच्या तापातसुद्धा बडबडला नाही. लोक बडबडतात ना तापात?"

मुलगी रडत होती, आवाज न करता, आणि तेही त्या घराचंच वळण असावं.

"म्हणजे खरं सांगत होता," आई म्हणाली.

"खरं सांगत होता," बाई म्हणाल्या.

"मला वाटलं, थाप मारतोय."

"नाही. त्याला तीनही पुस्तकं येत होती. वर्गात हात वर करायचा तो. मी विसरले होते." हे बाई बरं वाटावं म्हणून म्हणाल्या नव्हत्या. खिडकीजवळच्या बाकावरचा तो अर्धवट वर झालेला हात त्यांना आत्ताच आठवला होता.

आईनं डोळे पुसले. मग स्टूल स्वतःकडे ओढलं. "पुन्हा लावा."

बाईंनी टेप मागे नेली. पुन्हा नंबर आला, खाकरणं आलं, डावा हात आला, उजवा हात आला. या खेपेला आई पुढे वाकून बसली होती. टोपण निघालं, लागलं. श्वास आला. खालचं दुकान बंद होत होतं, शटर खाली ओढल्याचा आवाज झाला आणि त्यानंतर खोलीत नुसती टेप उरली.

"बाई, हे—"

"वेळ संपली."

खट झालं. बाईंचं बोट बंद करायच्या बटणावर गेलं, तसा आईनं त्यांचा हात धरला. घट्ट धरला, दिवसभर चादरींच्या घड्या करणाऱ्या हातानं, आणि सोडला नाही. कोरी टेप पुढे सरकत राहिली. आई यंत्राकडे बघत होती.

"बोल रे," ती म्हणाली. "बाई ऐकतायत."